मंत्र्यांनी सभागृहात दिलेले उत्तर कसे शोधावे आणि कसे वाचावे

‘मंत्र्यांनी लोकसभेत दिली माहिती’ अशी बातमी दिसली की पहिले काम मूळ उत्तर काढायचे, आणि त्यातही आधी प्रश्न वाचायचा. मंत्रालय उत्तर देते ते विषयाला नव्हे, प्रश्नातल्या शब्दांना. प्रश्न ‘गेल्या तीन वर्षांत किती घरे मंजूर झाली’ असा असेल, तर किती बांधून झाली हे उत्तरात नसणार. ते नाही म्हणून सरकारने लपवले असेही म्हणता येत नाही, कारण कोणी विचारलेलेच नव्हते. नवख्या वार्ताहराची, कार्यकर्त्याची किंवा स्पर्धा परीक्षा देणाऱ्याची बहुतेक चूक इथेच होते: उत्तर वाचले, प्रश्न वाचलाच नाही.

आधी प्रश्नाचा प्रकार ओळखा

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लोकसभेत एका दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात, राज्यसभेत १५. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता सुरू होतो, राज्यसभेचा २०१४ पासून दुपारी १२ वाजता. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत दिवसाला २३० पर्यंत आणि राज्यसभेत १६० पर्यंत अशी उत्तरे येतात. आकडेवारीचा खरा साठा याच दुसऱ्या ढिगात असतो. टीव्हीवर दिसतो तो पहिला ढीग, पण जिल्हानिहाय तक्ता हवा असेल तर अतारांकित उत्तरांकडे वळा.

गोंधळामुळे प्रश्नोत्तराचा तास वाया गेला तरी त्या दिवसाची तारांकित उत्तरे बुडत नाहीत, ती लेखी स्वरूपात सभापटलावर, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत कागदपत्रांत, ठेवलेली असतात. बुडतात ते पूरक प्रश्न. म्हणून ‘कामकाज झाले नाही, म्हणजे उत्तर नाही’ असे धरू नका. पीडीएफ शोधा, ती सापडते.

उत्तर शोधायचे कसे

१. संसद डॉट इन (sansad.in) या संकेतस्थळावर लोकसभा आणि राज्यसभा यांचे वेगळे विभाग आहेत. आपल्याला हवे ते सभागृह आधी निवडा. बातमीत ‘संसदेत’ एवढेच लिहिले असेल तर दोन्हीकडे पाहावे लागते.

२. लोकसभेसाठी लोकसभेचा क्रमांक आणि अधिवेशनाचा क्रमांक दोन्ही लागतात. प्रत्येक नव्या लोकसभेत अधिवेशने पुन्हा पहिल्यापासून मोजतात. राज्यसभा कायमस्वरूपी सभागृह असल्याने तिची अधिवेशने सलग मोजली जातात. २०१९ च्या हिवाळ्यातले अधिवेशन राज्यसभेचे २५० वे होते, पण सतराव्या लोकसभेचे ते दुसरेच होते.

३. मग मंत्रालय आणि तारीख टाका. मंत्रालये पाच गटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. अधिवेशनाच्या सुरुवातीला तुमच्या विषयाच्या मंत्रालयाचा वार लिहून ठेवला की रोज चाळत बसावे लागत नाही.

४. विषयाने शोधताना सावध राहा. शीर्षके इंग्रजीत, आखूड आणि ठोकळेबाज असतात. कांद्यावरचा प्रश्न ‘कांदा’ शब्दाने सापडेलच असे नाही. तो निर्यात, किंमत स्थिरीकरण किंवा बफर साठा अशा शीर्षकाखाली असू शकतो. शिवाय तो कृषी मंत्रालयाला विचारला आहे, ग्राहक व्यवहार मंत्रालयाला की वाणिज्य मंत्रालयाला, यावरही सापडणे अवलंबून असते. तिन्हीकडे पाहा.

५. प्रश्न क्रमांक हाती असला तरी तो एकटा निरुपयोगी आहे. क्रमांक दर अधिवेशनाला नव्याने सुरू होतात. सभागृह, तारांकित की अतारांकित, क्रमांक आणि तारीख या चार गोष्टी एकत्र असल्या तरच उत्तराची ओळख पटते.

पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, अनेक उत्तरांची प्रसिद्धीपत्रके काढते आणि त्यांतली काही मराठीतही असतात. शेवटी ‘ही माहिती राज्यमंत्र्यांनी एका लेखी उत्तरात दिली’ असे वाक्य असते. शोधाची सुरुवात म्हणून ती उत्तम, पण त्यात मूळ प्रश्न सहसा छापलेला नसतो. प्रश्न नसलेले उत्तर वाचणे म्हणजे फोनवरचे एकाच बाजूचे बोलणे ऐकणे. प्रसिद्धीपत्रकावरून थेट बातमी किंवा पोस्ट करू नका.

पीडीएफ उघडल्यावर

वरच्या भागात मंत्रालय, सभागृह, प्रश्न क्रमांक आणि उत्तराची तारीख असते. त्याखाली प्रश्नाचे भाग, हिंदी प्रतीत क, ख, ग असे पाडलेले. मग मंत्र्याचे नाव आणि उत्तर.

कागदावर किंवा वहीत दोन रकाने आखा. डावीकडे प्रश्नाचा एकेक भाग आणि उजवीकडे त्याच भागाचे उत्तर लिहा. पाच मिनिटांचे काम आहे, पण यातच सगळे उघडे पडते. पुष्कळदा उत्तर ‘(क) ते (ङ)’ असे एकत्र दिलेले असते: दोन परिच्छेद योजनेच्या उद्दिष्टांवर, एक परिच्छेद राज्यांच्या जबाबदारीवर, आणि शेवटी एक तक्ता. रकाने भरताना (ग) समोरची जागा कोरी राहिली, तर (ग) चे उत्तर मिळालेले नाही. ‘सरकारने या भागाचे उत्तर दिले नाही’ हे वाक्य तुम्ही खात्रीने लिहू शकता ते एवढे केल्यावरच.

हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती काढा. मराठी माणसाला हिंदी प्रत जवळची वाटते, पण तांत्रिक शब्दांचे हिंदी रूप कधी कधी इतके जड असते की अर्थच निसटतो. शंका आली की तोच परिच्छेद दुसऱ्या प्रतीत पाहा.

ठरलेली वाक्ये आणि त्यांचा नेमका अर्थ

‘हा राज्याचा विषय आहे.’ घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलिस, सार्वजनिक आरोग्य, जमीन हे विषय राज्यांकडे आहेत. केंद्र ही माहिती स्वतः गोळा करत नाही, राज्यांनी पाठवली तर देते, एवढाच याचा अर्थ. मग पुढचा दरवाजा विधानभवनाचा.

‘राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही.’ २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तरात असे म्हटले होते की, कोविडकाळात ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्ये व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेले नाही. त्याआधी त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन रुग्ण दगावले होते आणि साऱ्या देशाने ते पाहिले होते. त्यामुळे संताप झाला, आणि तो स्वाभाविक होता. पण उत्तराचा अभ्यास करणाऱ्याने ‘कळवलेले नाही’ हे क्रियापद पकडायचे. ‘मृत्यू झाले नाहीत’ असे त्या वाक्यात नाही. मग प्रश्न असे उभे राहतात: मृत्यूची नोंद कळवण्याच्या नमुन्यात ऑक्सिजनअभावी असा रकाना होता का? राज्याने काय पाठवले, कोणत्या तारखेला? पाठपुरावा करण्याजोगे मुद्दे हे आहेत.

‘अशी आकडेवारी ठेवली जात नाही.’ सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त लेखी उत्तरे होती. टाळेबंदीत गावी परतताना मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांविषयी कामगार मंत्रालयाने १४ सप्टेंबरला अशी आकडेवारी नसल्याचे सांगितले. त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांच्या लेखी उत्तरात श्रमिक स्पेशल गाड्यांमधून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आली. प्रश्न वेगळे होते, मंत्रालयेही वेगळी होती. एका मंत्रालयाकडे आकडा नसला तर तो कोणाच्या रजिस्टरमध्ये असणार, याचा विचार करा: रेल्वे, पोलिस, विमा, भविष्य निर्वाह निधी.

व्याख्येचा खोडा. गटारात उतरून गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांबद्दल विचारताना ‘हाताने मैला उचलल्यामुळे’ असा शब्दप्रयोग केला, तर ‘असा एकही मृत्यू नोंदलेला नाही’ असे उत्तर येऊ शकते. या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात हाताने मैला उचलणे आणि गटार किंवा सेप्टिक टँकची धोकादायक सफाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा शब्दप्रयोग वापरून विचारलेल्या प्रश्नांना राज्यनिहाय मृत्यूंचे तक्ते मिळालेले आहेत. माणसे तीच, शब्द बदलला की आकडा दिसतो. म्हणून कायद्यातली व्याख्या वाचल्याशिवाय ‘शून्य’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

तक्ता वाचताना

पहिल्यांदा डोक्यावरची ओळ. रुपये कोटींत आहेत की लाखांत? आर्थिक वर्ष आहे की कॅलेंडर वर्ष? आकडा त्या वर्षापुरता आहे की योजना सुरू झाल्यापासूनचा एकूण? एकूण आकड्यांची वर्षानुवर्षांची बेरीज करून फुगलेली संख्या छापली गेल्याचे प्रकार घडतात.

मग पैशाचे शब्द. तरतूद, मंजूर, वितरित आणि खर्च ही चार वेगळी ठाणी आहेत. तरतूद म्हणजे अर्थसंकल्पातला आकडा, आणि तोसुद्धा सुधारित अंदाजात बदलतो. वितरित म्हणजे केंद्राने राज्याकडे वर्ग केला. तिथून तो कंत्राटदाराला किंवा लाभार्थ्याला मिळाला असे नाही. खर्चाचा पुरावा उपयोगिता प्रमाणपत्रात असतो. उत्तरात ‘वितरित’ असेल तर बातमीत ‘खर्च केले’ लिहू नका.

घरकुलांच्या बाबतीत तसेच: मंजूर, काम सुरू, पूर्ण. नळाच्या पाण्याचे अजून नाजूक. जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ची, आणि मापदंड माणशी दररोज ५५ लिटरचा. ‘इतक्या घरांना नळजोडणी दिली’ या आकड्यावरून त्या नळाला ५५ लिटर पाणी येते का हे कळत नाही. ते वेगळे विचारावे लागते.

शेतकरी आत्महत्यांचा आकडा हा या साऱ्या शिकवणीचा सर्वांत जड धडा. लोकसभेतले उत्तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यू व आत्महत्या अहवालावर आधारलेले असते. हा आकडा पोलिसांच्या नोंदींवरून येतो आणि २०१४ पासून त्यात शेतकरी आणि शेतमजूर असे दोन वेगळे गट आहेत. महाराष्ट्र विधानसभेतले उत्तर बहुधा महसुली यंत्रणेकडून येते आणि त्यात पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित असे रकाने असतात. ही पात्रता कशाची? जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार वारसांना मिळणाऱ्या १ लाख रुपयांच्या मदतीची, ज्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव म्हणून. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या संस्थेचे, तगादा होता की नाही, हे तपासून जिल्हा समिती ठरवते. म्हणजे ‘अपात्र’ याचा अर्थ तो माणूस शेतकरी नव्हता असा नाही. त्याचे प्रकरण मदतीच्या निकषांत बसले नाही, एवढाच. ‘पात्र’ रकाना उचलून ‘आत्महत्या घटल्या’ असे लिहिणे हा त्या घरांवर अन्याय आहे. दोन आकडे शेजारी मांडा आणि प्रत्येकाखाली तो कोणी, कशासाठी मोजला हे लिहा.

विधानमंडळाची उत्तरे: मराठी आहे म्हणून सोपी नव्हे

महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर विधानसभा आणि विधानपरिषद यांच्या तारांकित व अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. दोन्ही सभागृहांच्या याद्या वेगळ्या असतात. त्या अधिवेशनवार लावलेल्या असतात, तेव्हा अधिवेशन कोणते हे माहीत असावे: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी सहसा नागपुरात.

इथल्या प्रश्नाची भाषा ठरलेली आहे. नमुना असा:

‘(१) अमुक तालुक्यातील अमुक रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे माहे मे, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तद्नुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आणि उत्तर: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

पाहा, सगळी साखळी पहिल्या कडीला टांगलेली आहे. पहिल्या भागात एक तपशील चुकला, म्हणजे रस्त्याचे नाव, महिना किंवा ‘निकृष्ट’ हा शब्द, तरी ‘हे खरे नाही’ म्हणता येते आणि पुढचे तिन्ही भाग गळून पडतात. ‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द याच भीतीने घातलेले असतात, महिना थोडा इकडेतिकडे झाला तरी प्रश्न तगावा म्हणून. त्यामुळे ‘हे खरे नाही’ वाचल्यावर, नेमके काय नाकारले, हे विचारा. रस्ता खचलाच नाही, की खचला पण काम ‘निकृष्ट’ नव्हते?

‘हे अंशतः खरे आहे’ हे सर्वांत उपयोगी उत्तर. त्याच्या पुढच्या वाक्यात खात्याने कबूल केलेला भाग असतो. तो जसाच्या तसा उतरवून घ्या, माहिती अधिकाराच्या अर्जाला तोच पाया होतो.

‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ यांत गल्लत करू नका. कारवाई म्हणजे कोणावर तरी काही केले: निलंबन, दंड, गुन्हा, वसुली. कार्यवाही म्हणजे फाइल हलली. प्रश्नात ‘कोणती कारवाई’ असते आणि उत्तरात ‘नियमानुसार कार्यवाही सुरू आहे’ येते, तेव्हा कोणावरही काही झाल्याचे त्या उत्तरात नाही. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ आणि ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ यांनाही तारीख नसते. बातमीत ‘लवकरच रस्ता होणार’ असा त्याचा अनुवाद करू नये.

अतारांकित यादीत उत्तराची तारीख जरूर पाहा. प्रश्नातला महिना आणि उत्तराची तारीख यांतले अंतर बरेच असू शकते. तोवर बदल्या, निविदा, कधी मंत्रीही बदललेले असतात.

‘माहिती गोळा केली जात आहे’ असे आले तर

हे वाक्य दिसले की आनंद माना. ‘माहिती गोळा करून सभापटलावर ठेवली जाईल’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ अशी वाक्ये संसदेत आश्वासन म्हणून धरली जाऊ शकतात. लोकसभेत १ डिसेंबर १९५३ पासून सरकारी आश्वासनांवरची समिती आहे. आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. न झाल्यास मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. संसदीय कार्य मंत्रालयाची २०१८ पासून ऑनलाइन नोंद व्यवस्था आहे, तीत आश्वासनाची स्थिती पाहता येते.

म्हणून उत्तराच्या तारखेत तीन महिने मिळवा आणि कॅलेंडरवर खूण करा. पूर्ततेचे निवेदन नंतर सभापटलावर येते, तेव्हा त्याची बातमी होत नाही. मूळ प्रश्न विचारणाऱ्या खासदाराच्या कार्यालयालाही कधी कधी पत्ता नसतो.

उत्तरात चूक होती असे मंत्रालयाच्या लक्षात आले तर दुरुस्तीचे निवेदनही येते. जुने उत्तर वापरण्याआधी दुरुस्ती आली आहे का, ते त्या आणि पुढच्या अधिवेशनाच्या कामकाजात पाहा.

उत्तर अपुरे असेल तर पुढे काय

दोन वाटा आहेत, आणि दोन्ही एकदम धरता येतात.

पहिली, माहिती अधिकार. केंद्राच्या पोर्टलवर शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘का’ विचारू नका, कागद मागा: ‘लोकसभा अतारांकित प्रश्न क्रमांक अमुक, दिनांक अमुक, याच्या उत्तरासाठी महाराष्ट्र शासनाकडून प्राप्त झालेल्या पत्रांच्या व तक्त्यांच्या प्रती’. राज्याच्या खात्याकडे अर्ज असेल तर २०१२ च्या नियमांनुसार एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा पाळा. लांबलचक पार्श्वभूमी लिहिलेले अर्ज तिथेच अडकतात. जुन्या नमुना अर्जांत एक ओळ असते: ‘जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही.’ ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) ला, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलमाला, जोडलेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम बदलले, तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला आणि ती ओळ गेली. तिच्या भरवशावर अर्ज किंवा अपील लिहू नका.

दुसरी वाट, नवा प्रश्न. कोणताही खासदार तुमचा मसुदा घेऊ शकतो, पण तो वेळेत आणि वापरता येण्याजोगा हवा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून मसुदा त्याच्याही बराच आधी पोहोचवा. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत ठेवा. मत मागू नका, न्यायप्रविष्ट बाब विचारू नका, आणि छापील अहवालात सहज मिळणारा आकडा मागू नका, असे प्रश्न गळतात. किती प्रश्न घ्यायचे याला मर्यादा असल्याने चिठ्ठ्या निघतात. पहिल्या खेपेला लागला नाही तर पुढच्या आठवड्यात त्याच मंत्रालयाच्या वारी पुन्हा द्यायला सांगा. प्रश्न लावून देण्याचे पैसे मागणारा भेटला तर त्याला दूर ठेवा. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना संसदेतून काढून टाकले होते.

मसुद्यात आधीच्या उत्तराने उघडी ठेवलेली फट बुजवा. आधी ‘वितरित निधी’ आला असेल तर आता ‘उपयोगिता प्रमाणपत्र मिळालेला निधी, जिल्हानिहाय’. आधी ‘राज्यांनी कळवलेले नाही’ आले असेल तर आता ‘राज्यांना कोणत्या तारखेला, कोणत्या नमुन्यात माहिती मागवली आणि कोणत्या राज्यांनी ती पाठवली’.

नोंदवहीत प्रत्येक उत्तरासाठी एक ओळ पुरते: सभागृह, प्रकार, क्रमांक, तारीख, मंत्रालय, प्रश्नातला मुख्य शब्द, आकडा त्याच्या एककासह, तो कोणत्या दिवसापर्यंतचा, आणि कोरे राहिलेले भाग. पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे तुटतात.